डिश टू डिश लिंक आपोआप सेफ असते, हे डोक्यातून काढा

भोसरी-चाकणकडच्या छोट्या कारखानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज परत फिरायला लागलाय. कारखाना ते गोडाऊन अशी डिशची वायरलेस लिंक म्हणजे बंद पाईप, मधे कोणी ऐकूच शकत नाही, एसएसआयडी (नेटवर्कचं नाव) लपवा, मॅक फिल्टर (ठरावीक मशीनच्या नंबरालाच प्रवेश) लावा, बास, व्हीपीएन (डेटा झाकून नेणारा आतला टनेल) लावू नका स्पीड मरतो, आणि एकदा लावली की परत बघायला नको. मी हीच कामं करतो म्हणून लिहितोय, कारण याच लिंकवरून तुमचा टॅलीचा डेटा, पगाराच्या शीट आणि कॅमेऱ्याचं फुटेज जातं.

आधी तो पाईप. 60 सेंमीची डिश 5.8 गिगाहर्ट्झला साधारण 6 अंशांचा बीम टाकते. ऐकायला बारीक वाटतं, पण 3 किलोमीटरवर तोच बीम 300 मीटर रुंद होतो! म्हणजे मोशीच्या गोडाऊनवर डिश रोखली तर शेजारच्या शेड, रस्त्यापलीकडची सोसायटी सगळं त्यात आलं, आणि बीमच्या कडेलाही सिग्नल अर्धा असतो, शून्य नाही, शिवाय समोरच्या डिशवर आदळून तो तिथेच थांबत नाही, तिच्या पाठीमागे अजून लांब जातच राहतो. एका ओळखीच्या युनिटमध्ये मालकांना विचारून मी हे करून बघितलं, बाजूच्या बिल्डिंगच्या टेरेसवर लॅपटॉप आणि छोटा अँटेना घेऊन बसलो, लिंकला एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद करणं) नव्हतं, आणि शेअर्ड फोल्डरमधल्या फाइलची नावं सरळ स्क्रीनवर यायला लागली. मालक शेजारीच उभे होते, त्यांचा चेहरा अजून आठवतो.

एसएसआयडी लपवल्याने काही होत नाही, जोडणी होताना नाव हवेतून जातंच. मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे मशीनचा नंबर, तर एन्क्रिप्शन चालू असतानाही उघडाच जातो, तो बघून आपल्या लॅपटॉपला देणं एका मिनिटाचं काम.

मग काय करायचं? वायरलेसचं एन्क्रिप्शन किमान डब्ल्यूपीए2 एईएस ठेवा, रेडिओमध्ये (डिशला जोडलेलं वायरलेस यंत्र) असेल तर त्याच्या पुढचं डब्ल्यूपीए3. त्याआधीचं डब्ल्यूईपी 2001 मध्येच फुटलंय, तरी जुन्या रेडिओवर अजून दिसतं. आणि की (लिंकचा पासवर्ड) म्हणून कंपनीचं नाव पुढे 123 असलं ठेवू नका, कारण डब्ल्यूपीए2 चा हँडशेक (जोडणी होतानाची देवाणघेवाण) एकदा पकडला की घरी बसून लाखो पासवर्ड लावून बघता येतात. 20-25 अक्षरांची रँडम की ठेवा.

त्याच्यावर व्हीपीएन. 2017 मध्ये क्रॅक नावाचा हल्ला समोर आला तेव्हा डब्ल्यूपीए2 मध्येच खोट निघाली होती, आत व्हीपीएनचा टनेल असलेल्यांचा डेटा तेव्हाही झाकलेलाच होता. स्पीडचं म्हणाल तर वायरगार्ड नावाचा व्हीपीएन 1500 बाइटच्या पॅकेटमागे 60 बाइट घेतो, म्हणजे 4 टक्के. जुना स्वस्त राउटर असेल तर स्पीड खरंच पडतो, हे मान्य, पण मग राउटर बदला ना, टनेल कशाला काढताय.

आणि ते 'परत बघायला नको' वालं सगळ्यात घातक. 2016 च्या मे महिन्यात युबिक्विटी कंपनीच्या जुन्या फर्मवेअरच्या (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) रेडिओंमध्ये वर्म (आपोआप पसरणारा व्हायरस) घुसला, त्यावरचा दुरुस्तीचा पॅच आदल्या वर्षीच येऊन पडला होता, लोकांनी टाकलाच नव्हता. पावसाळ्याआधी डिशचे नटबोल्ट आवळायला माणूस वर चढतोच, त्याच दिवशी खाली लॅपटॉपवर फर्मवेअर अपडेट करून घ्या आणि रेडिओचा लॉगिन पासवर्ड अजून कंपनीतून आला तोच आहे का तेही बघा.