कॉम्प्युटर असताना तक्ता कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

मागच्या लेखात मी नजर तपासायचा तक्ता, टॉर्च आणि डोळ्यापुढं धरायची बारीक भोकाची पट्टी यांवरच भर दिला, त्यावर तुम्ही चिडून लिहिलंत. लातूरला दोन मिनिटांत कॉम्प्युटरवर डोळे तपासून मिळतात, मग हे जुनंपानं कशाला? त्यात तक्त्याला लागणारी सहा मीटरची खोली कुठून आणायची? शिवाय तुमच्या वडिलांना तक्त्यावर ६/६, म्हणजे पूर्ण, दिसतं म्हणून घरी पाठवलं आणि पुढच्याच वर्षी काचबिंदू निघाला.

तुमचा राग समजतो. काचबिंदूत नजर कडेनं जात जाते, मधली बऱ्याचदा शेवटपर्यंत टिकते, आणि तक्त्यावरचं अक्षर माणूस त्या मधल्या नजरेनंच वाचतो. म्हणून ६/६ वाचणाऱ्याच्याही डोळ्याची नस बरीच सुकलेली असू शकते. तक्ता वाचून झाला की तपासणी संपली, असं धरणाऱ्यानं तुमच्या वडिलांचं नुकसान केलं. चाळिशीपुढच्या माणसाचा डोळ्याचा दाब बघायलाच हवा. तो साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. पण दाब त्यात बसला तरी काचबिंदू असू शकतो, म्हणून आतली नस बघितल्याशिवाय सुटका नाही. शंका आली तर फील्डची, म्हणजे कडेचं किती दिसतं याची तपासणी. समोर बसवून, एक डोळा झाकून, बोटं कडेनं आत आणत ‘दिसली की सांगा’ म्हणायचं, ही तर फुकटातली तपासणी. सुरुवातीचा काचबिंदू तिच्यात सापडत नाही, मोठी खोट सापडते.

आता तुमचा कॉम्प्युटर. त्यानंही वडिलांचा काचबिंदू पकडला नसता! ते यंत्र डोळ्यात किरण सोडून चष्म्याचा अंदाजे नंबर काढतं. समोरच्याला दिसतं किती, हे त्याला ठाऊकच नसतं. लहान पोरांचं तर विचारूच नका. यंत्रातलं चित्र बघताना पोरगं डोळा ताणतं आणि मायनस नंबर फुगून येतो. म्हणून आधी औषध घालून डोळा सैल करतात, मग नंबर काढतात. नुसती यंत्राची चिठ्ठी घेऊन पोराला चष्मा करू नका.

भोकाच्या पट्टीला तुम्ही ‘खेळणं’ म्हणालात. समजा, कापूस वेचणाऱ्या एक मावशी आल्यात. वाचता येत नाही, म्हणून वेगवेगळ्या अंगांना वळवलेल्या इंग्रजी ‘ई’चा तक्ता. ‘मावशी, दांडे कुठल्या अंगाला?’ असं विचारलं की त्या हातानं दाखवतात. डावा डोळा तळहातानं झाकायचा, पण दाबायचा नाही. बोटांनी झाकला तर फटीतून बघतात, शहाणीसुरती माणसंसुद्धा. कितीतरी जणांना झाकल्यावरच कळतं की एक डोळा कधीचाच कामातून गेलाय. मावशी उजव्यानं ६/३६ वर अडकल्या, म्हणजे निरोगी डोळा जे ३६ मीटरवरून ओळखतो ते त्यांना ६ मीटरवरून दिसतंय. मग एक-सव्वा मिलिमीटर भोकाची काळी पट्टी डोळ्यापुढं धरली की त्याच मावशी ६/९ पर्यंत उतरतात. नजर बहुतेक चष्म्यानं सुधारणार. पट्टीनं काहीच फरक पडला नाही, तर मोतीबिंदू, पडदा, नस असं आत शोधत जायचं. हा निवाडा यंत्राच्या चिठ्ठीवर छापून येत नाही.

हर्मन स्नेलेन या डच डॉक्टरांनी १८६२ साली बनवलेला तक्ता अजून भिंतीवर आहे, तो काही आळसामुळं नव्हे.

खोलीबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. सहा मीटरची खोली आपल्याकडं सगळीकडं कुठून मिळणार? तीन मीटरमध्ये आरसा लावून, उलट्या अक्षरांचा तक्ता वापरून भागतं. पण सहा मीटरसाठीचा साधा तक्ता चार मीटरवर टांगून, वर अंधुक बल्ब लावून ६/६ लिहिणं ही शुद्ध फसवणूक, आणि ती चालते.

वडिलांचे थेंब बरं वाटलं म्हणून बंद करू देऊ नका. गेलेली नजर थेंबांनी परत येत नाही, उरलेली टिकते. काचबिंदू घराण्यात चालतो, तेव्हा तुम्ही आणि तुमच्या भावंडांनीही दाब आणि नस तपासून घ्या. बाहुली मोठी करायचे थेंब घालतील, म्हणून त्या दिवशी मोटारसायकल घरी ठेवा.