उताणे बेडूक

"हे मेलेत का?"

काल दुपारपासून हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. विचारणारे गृहस्थ जीवशास्त्रातले असते तर एक वेळ चाललं असतं. ते आमच्या हिशेब विभागातले काका. मॅडमची एका बिलावर सही हवी म्हणून आले होते, मॅडम फोनवर होत्या. मग वेळ घालवायला माझ्या स्क्रीनपाशी उभे राहिले आणि चष्मा कपाळावर सरकवून माझी तीन आठवड्यांची मेहनत न्याहाळू लागले.

ती मेहनत अशी. ई. कोलाय के-१२ या जिवाणूचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, लांबी ४६,४१,६५२ अक्षरं. त्यात काही तुकडे असे आहेत की ते एका जागी गप्प बसत नाहीत. उठतात आणि दुसरीकडे, प्रसंगी दुसऱ्या जनुकाच्या मधोमध जाऊन बसतात. इन्सर्शन सिक्वेन्स म्हणतात त्यांना. असे तुकडे जीनोमच्या चित्रात दाखवायचे होते. तयार आकार होते की! जीनोमची चित्रं काढून देणाऱ्या बायोपायथनच्या जीनोमडायग्राममध्ये चौकोन आहे, बाण आहे, कोपरे छाटलेला चौकोन आहे, उंदरांनी कुरतडल्यासारख्या कडांचा चौकोन आहे आणि मोठा बाण आहे. सिंथेटिक बायोलॉजीवाल्यांनी तर एकत्र बसून चिन्हं ठरवून टाकली आहेत: जनुकाचं वाचन जिथून सुरू होतं त्या प्रमोटरला काटकोनात वळलेला बाण, जिथे थांबतं त्या टर्मिनेटरला इंग्रजी टी, प्रथिनं बनवणारा रायबोसोम बसतो तिथे अर्धवर्तुळ. सगळं कसं शिस्तीत. पण उडी मारणाऱ्या जनुकाला चौकोन? चौकोनाने आयुष्यात कधी उडी मारली आहे? मी बेडूक काढायला घेतला.

(आधी कांगारू काढला होता. त्याची शेपटी शेजारच्या जनुकात अडकत होती.)

चोवीस पिक्सेलमध्ये बेडूक बसवणं म्हणजे काय असतं ते ज्याने बसवलाय त्यालाच ठाऊक. डोळ्यांना दोन-दोन पिक्सेल दिले तर घुबड दिसतं, एक-एक दिला तर दिसतच नाही. त्यात शाळेत आपल्याला शिकवलेलं असतं की वाय अक्ष वर वाढत जातो. एसव्हीजी नावाच्या चित्रांच्या फाइलीत तो खाली वाढत जातो. त्यामुळे पहिल्या दिवशी झाडून सगळे बेडूक डोक्यावर उभे. ते सरळ केले तर काही बेडूक एका अक्षराने सरकलेले निघाले, कारण जनुकांच्या जागा लिहून ठेवणाऱ्या बेड नावाच्या फाइलीत मोजणी शून्यापासून सुरू होते आणि तसल्याच जीएफएफ फाइलीत एकपासून. ती एका अक्षराची चूक शोधायला मी रात्रीचे दोन वाजवले. माझ्या चित्रात एका पिक्सेलमध्ये चार हजार सहाशे एक्केचाळीस अक्षरं मावतात. म्हणजे एका अक्षराची चूक ब्रह्मदेवालाही दिसली नसती. पण मला दिसत होती ना.

असो. काका.

"मेले नाहीत काका. ते मायनस स्ट्रँडवर आहेत."

"म्हणजे आजारी?"

मी त्यांना सांगितलं की डीएनएचे दोन धागे असतात, एक इकडून तिकडे वाचायचा, दुसरा तिकडून इकडे. रेघेच्या वर बसलेले बेडूक प्लसचे, रेघेखाली लटकलेले मायनसचे.

"हां हां. वरचे जमा, खालचे नावे."

"तसंच समजा."

"मग नावे पडला म्हणून काय एखाद्याला उताणं पाडायचं?"

यावर मला उत्तर सुचलं नाही, तेवढ्यात त्यांनी बोट स्क्रीनला टेकवलं. अगदी टेकवलं, ठसा अजून आहे. "हा खऱ्यात केवढा?"

"हा आयएस-१. ७६८ अक्षरं."

"आणि चित्रात?"

"चोवीस पिक्सेल."

"पिक्सेलला किती?"

मी आकडा सांगितला. तो सांगायला नको होता. काकांनी खिशातून फोन काढला, कॅल्क्युलेटर उघडला, प्रत्येक बटण तोंडाने म्हणत दाबलं आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. १,११,३८४.

"मूळ रक्कम ७६८. तुम्ही दाखवली एक लाख अकरा हजार. एकशे पंचेचाळीस पट! असं बिल मी वर पाठवलं ना, तर मला कायमचं घरी पाठवतील."

"अहो काका, ते चिन्ह आहे. नकाशात विमानतळाच्या जागी विमान काढतात, ते काय मोजून काढतात?"

"त्या विमानाखाली काही झाकलं जातंय का? ह्याच्या बुडाखाली काय आहे?"

बुडाखाली शंभरेक जनुकं होती. ई. कोलायमध्ये साधारण हजार अक्षरांमागे एक जनुक पडतं, हिशेब सरळ आहे. मी खोटं बोलू शकलो असतो. पण त्यांच्या हातात कॅल्क्युलेटर होता.

"शंभर जणांच्या उरावर बसलाय," काका म्हणाले. मला उगाच वाटलं की ते बेडकाबद्दल बोलत नाहीयेत.

बार्बरा मॅक्लिंटॉकबाईंची आठवण झाली. मक्याच्या दाण्यांवरचे ठिपके बघून त्यांनी १९४०च्या दशकात ओळखलं की जनुकं जागा बदलतात. लोकांना ते पटायला वर्षानुवर्षं लागली. नोबेल मिळालं १९८३ साली, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी. मी स्वतःची तुलना त्यांच्याशी करत नाही. फक्त एवढंच म्हणतो की त्यांच्या मक्याला जमाखर्च कुणी विचारला नसावा.

तेवढ्यात मॅडमचा फोन संपला. त्यांनी शेवटची दोन वाक्यं ऐकली होती, सुरुवातीचे तीन आठवडे ऐकले नव्हते. "काकांचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पोरखेळ वाटतो. त्रिकोण लाव." आणि काकांच्या बिलावर, वर-खाली काही न वाचता, सही केली.

रात्री मी हट्टाने शेवटचा प्रयत्न केला. ई. कोलायचा जीनोम मुळात गोलच असतो, तर चित्रही गोल करू. प्लसचे बेडूक वर्तुळाच्या बाहेर, मायनसचे आत, सगळ्यांचे पाय रेघेकडे. केलं. बाराच्या काट्यापाशी बाहेरचे सरळ, आतले उताणे. सहाच्या काट्यापाशी आतले सरळ, बाहेरचे उताणे. तीन आणि नऊपाशी सगळे भिंतीवर चिकटलेल्या पालींसारखे. काकांचं जमा-नावेही त्यात टिकलं नाही. मी संगणक बंद केला.

आज सकाळी त्रिकोण लावले. प्लसचे टोक वर, मायनसचे टोक खाली. कामाला अकरा मिनिटं लागली. मॅडमनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "आता कसं शास्त्रीय दिसतंय."

त्रिकोणही चोवीस पिक्सेलचाच आहे.