फक्त आकडे वाचा सर

सोलापुरात नवी पेठेत आमचं चादर-टॉवेलचं दुकान आहे. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत गर्दी झाली की काउंटरवर एक प्रकार रोज चार-पाच वेळा होतो. गिऱ्हाईक तिघांच्या खांद्यावरून कार्ड पुढं करतं, आणि मी मशीन त्यांच्याकडं वळवेपर्यंत भर दुकानात पिन सांगून मोकळं होतं. मी म्हणतो, "मावशी, मला सांगू नका, तुम्हीच दाबा." तर मावशीच रागावतात. "का रे, तुझ्यावर भरवसा नाही का आमचा?" आता यावर काय बोलणार.

हे आधी सांगितलं, कारण पुढं आमच्या दाजींची गोष्ट आहे. ती वाचून "शिकलेला माणूस, फसलाच कसा" असं कुणी लिहिलं तर मी उत्तर देणार नाही.

दाजी निवृत्त मास्तर. गणिताचे. शनिवारी संध्याकाळी त्यांना फोन आला, की कार्डावरचे 9,850 रिवॉर्ड पॉइंट आज रात्री बारा वाजता संपतायत. बोलणारा पोरगा मराठीत, एकदम अदबीनं. दाजींचं पूर्ण नाव त्याला माहीत, कार्ड कुठल्या बँकेचं तेही माहीत. व्हॉट्सअपवर एक फाइल पाठवली, बँकेचा लोगो असलेली. दाजींनी ती मोबाइलमध्ये टाकली, विचारेल त्या परवानगीला होकार दिला, कार्डाचा नंबर भरला, मागचे तीन आकडेही भरले. मग मेसेज आला. पोरगा म्हणाला, "सर, बाकी वाचू नका, कंपनीचं असतं ते. फक्त आकडे वाचा सर."

दाजींनी सहा आकडे वाचले.

तो मेसेज मी नंतर माझ्या डोळ्यांनी पाहिला. त्यात सरळ लिहिलं होतं, 48,999 रुपयांच्या खरेदीसाठी हा ओटीपी आहे, कुणालाही देऊ नका. रक्कम, दुकानाचं नाव, सगळं. म्हणजे बँकेनं सांगायचं ते सांगितलं होतं, पण इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि कानाशी एक माणूस घाई करत असताना. पॉइंटसाठी ओटीपी कुणाला वाचून दाखवावा लागतच नाही, वाचून दाखवला की पैसे जातात, ही एक ओळ बँकांनी मराठीत मोठ्या अक्षरात का छापू नये?

पण माझा खरा राग त्या पोरावरही नाही. तो त्याचा धंदा करतोय. राग पुढच्या तीन दिवसांवर आहे. दाजींना दहा मिनिटांत कळलं होतं. तरी ते बोलले नाहीत. अक्काला नाही, पोरांना नाही, मला नाही, बँकेलासुद्धा नाही. रविवारी घरी जेवायला आले, शेंगाचटणी-भाकरी खाल्ली, माझ्याशी राजकारणावर भांडले. मंगळवारी आणखी 22,300 गेले. या वेळी कुणाचा फोनही नव्हता. ती व्हॉट्सअपवरची फाइल म्हणजे एपीके, मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, आणि ते अ‍ॅप मोबाइलमधले मेसेज वाचून परस्पर त्या पोराकडं पाठवणारं. पहिला ओटीपी तोंडी मागितला, नंतर विचारायची गरजच उरली नव्हती. कार्ड चालूच, फाइल आत बसलेली.

तेव्हा कुठं दाजी दुकानात आले. शटरजवळ उभं राहून म्हणाले, "तुला एक विचारू का? हसू नको बे."

याच्या शेजारी माझी गोष्ट ठेवतो. दोन वर्षांपूर्वी रात्री दोनला माझ्या कार्डावर डॉलरमध्ये खरेदी झाली. मला ओटीपी आलाच नाही. परदेशातल्या कित्येक साइटवर तो लागत नाही. नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे पुरतात. सकाळी सहाला मेसेज पाहिला, अ‍ॅपमधून कार्ड बंद केलं, कार्डामागच्या नंबरवर फोन लावला, तक्रार क्रमांक वहीत लिहून घेतला. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक आहे. चूक ना बँकेची ना आपली, भलत्याच कुणीतरी कार्ड वापरलं, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत आपण कळवलं, तर आपल्यावर एक रुपयाचाही भार नाही. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेनं ती रक्कम खात्यात दाखवायची. चूक गिऱ्हाइकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेची. माझे पैसे परत आले. यात माझी हुशारी शून्य. मला लाज वाटायचं काही कारण नव्हतं, म्हणून मी लगेच फोन केला, एवढंच.

दाजींचं तसं नाही. ओटीपी स्वतः दिला की कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, हेही त्याच परिपत्रकात आहे. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं! म्हणजे शनिवारी रात्रीच फोन केला असता तर ते 22,300 गेलेच नसते. आणि सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, 1930 ला, लगेच लावलं असतं तर पहिली रक्कम कुठल्या वॉलेटमध्ये अडकलेली असताना गोठवता आली असती कदाचित. पैसे हातोहात पुढं सरकत असतात, तासांचा फरक पडतो. आम्ही मंगळवारी रात्री 1930 लावला, सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, कार्ड बंद, मोबाइल रिसेट. बँकेचं उत्तर यायचंय. तीस दिवसांत आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जायचं ठरवलंय.

ज्यांना एवढं वाचायला वेळ नाही त्यांनी निदान आता अ‍ॅप उघडा. कार्डाच्या सेटिंगमध्ये परदेशी व्यवहार बंद करा, ऑनलाइनची मर्यादा खाली आणा. ही सोय 2020 पासून सगळ्या बँकांना द्यावीच लागते. टॅप करून 5,000 पर्यंत पिनशिवाय जातात, नको असेल तर तेही बंद होतं. माझ्या मशीनवर निम्म्या लोकांना हे माहीत नसतं, टॅप झालं की "पिन विचारला नाही की!" म्हणून घाबरतात.

हे सगळं दाजींना विचारूनच लिहिलंय. त्यांची एकच अट, अक्काला कळता कामा नये. अक्का फेसबुकवर नाही. पण तिच्या भिशीतल्या सहा जणी आहेत. ताई, वहिनी, मावशी, हात जोडून सांगतो, तिला सांगू नका. दाजी दिवाळीनंतर स्वतः सांगणार आहेत म्हणे.