म्हणे हात मोडला आणि घराचा हप्ता फिटला

आज दुपारी आई आणि मी एका वास्तुशांतीला गेलो होतो, इथेच साताऱ्यात. पंगतीत नात्यातलेच एक काका सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वहिनींचा हात मोडला आणि पोरांचा घराचा हप्ता फिटला, असा ॲक्सिडेंट आमचा पण होऊ दे की." चार जण हसले. आई माझ्या शेजारीच बसली होती, चमच्याने जेवत होती, कारण उजव्या हाताचा घास तिच्या तोंडापर्यंत नीट जात नाही. तिने काही न बोलता हातावर पदर ओढून घेतला. दुसऱ्याच्या घरचं शुभकार्य म्हणून मीही गप्प बसले. आता रात्रीचे साडेदहा वाजलेत, आई झोपलीय, आणि तो पदर काही माझ्या डोळ्यासमोरून जात नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आईच्या अपघाताचा क्लेम, म्हणजे भरपाईचा दावा, आम्ही कोर्टात लढलो, त्यावरून हे टोमणे. माझी आई पोळ्यांची कामं करायची, पाच घरं, घरामागे महिन्याला सतराशे. पहाटे साडेपाचला बाहेर पडायची. जुलै 2022, पाऊस लागलेला, पोवई नाक्याकडून दुसऱ्या घरी चालत निघाली होती आणि राँग साइडने आलेल्या कारने तिला उडवलं. उजव्या मनगटाचा चुरा झाला. प्लेट बसली, स्क्रू बसले, आणि डॉक्टरांनी सांगितलं की मनगट पूर्ण फिरणार नाही. ज्या बाईचं अख्खं पोट लाटण्यावर आहे तिला हे सांगितलं.

गाडी चालवणारा पोरगा वाईट नव्हता, हेही सांगते. त्यानेच आईला दवाखान्यात नेलं, नंतर दोनदा फळं घेऊन आला. त्याचे वडील म्हणाले वीस हजार घ्या आणि मिटवा, आणि आई तयार पण झाली होती, "पोराचं लग्न व्हायचंय, कशाला त्याच्या मागे पोलीस". त्या भानगडीत आमचे तीन दिवस गेले, तक्रार चौथ्या दिवशी झाली. आणि हेच तीन दिवस पुढे कोर्टात विमा कंपनीच्या वकिलाने आमच्या तोंडावर मारले, उशीर का केला, म्हणजे बनाव आहे. माणुसकी दाखवली त्याचा बनाव झाला!!

आपल्याकडे लोकांना हेच कळत नाही की क्लेमचे पैसे त्या पोराच्या खिशातून जात नाहीत. गाडीचा थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे तो कशासाठी? रस्त्यावरून जाणाऱ्या तिसऱ्या माणसाला लागलं तर त्याला भरून देता यावं म्हणूनच ना. पोलीस केस वेगळी, ती ड्रायव्हरवर चालते. क्लेम वेगळा, तो जिल्हा कोर्टात मोटार अपघात दाव्यांच्या ट्रिब्युनलपुढे, आणि गाडीचा विमा चालू असेल, लायसन वगैरे ठीक असेल तर पैसे कंपनी देते. दरवर्षी प्रीमियम भरताना आपण कुरकुर करत का होईना भरतो, आणि ज्याच्यासाठी भरला तो माणूस मागायला आला की तो लोभी.

हो, खोटे क्लेम करणारे आहेत. जुनं दुखणं नवीन म्हणून दाखवणारे, गाडीच बदलणारे, सगळं होतं, मान्य. पण म्हणून माझ्या आईकडे त्या नजरेने बघायचं?

आता उलटतपासाचं ऐका, कारण आज पंगतीत ते हसणं ऐकून मला तोच दिवस आठवला. आई पिंजऱ्यात उभी, घरात सगळ्यात चांगली म्हणून ठेवलेली साडी नेसलेली, आणि तो वकील विचारतोय, "तुम्ही गृहिणी आहात ना? उत्पन्नाचा पुरावा काय? बँकेत पगार जमा होतो? पावती आहे?" आई बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "साहेब, पोळीची पावती कोण देतं?" आवाज इतका बारीक की जजसाहेबांनी पुन्हा बोलायला सांगितलं. आयुष्यभर सकाळी साडेपाचला उठलेल्या बाईला दोनदा सांगावं लागलं की ती काम करते.

पुरावा शेवटी भिंतीवरच्या कॅलेंडरने दिला. आई खाडे लिहून ठेवायची, कुठल्या घरी कधी गेली नाही, कोणाकडून किती आले, पेन्सिलीने, तारखेच्या चौकोनात. आम्ही ते रद्दीत घालणार होतो. आणि ज्यांच्याकडे ती जायची त्यातल्या एक रिटायर्ड शिक्षिका काकू, गुडघे दुखत असताना दोन जिने चढून साक्ष द्यायला आल्या. त्यांना मी जन्मभर विसरणार नाही.

अपंगत्वाचा दाखला 22 टक्के निघाला. कंपनीचं म्हणणं, हे फक्त हाताचे टक्के, पूर्ण शरीराचे धरले तर किती कमी होतील, आणि गृहिणीचं कमाईचं नुकसान ते काय. आमच्या वकीलबाईंनी सुप्रीम कोर्टाचा 2010 चा निकाल दाखवला, त्यात कोर्टानेच म्हटलंय की हात गेला तर क्लार्कचं जेवढं नुकसान त्यापेक्षा ड्रायव्हरचं, सुताराचं कितीतरी जास्त, म्हणून नुसते डॉक्टरी टक्के धरू नका, त्या माणसाचं काम काय होतं ते बघा. मला ते ऐकून कोर्टातच रडू आलं. आणि गृहिणीबद्दल म्हणाल तर 2021 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सरकारी पाहणीचाच आकडा घेतलाय, बायका घरच्या बिनपगारी कामाला दिवसाला सरासरी 299 मिनिटं देतात आणि पुरुष 97. काकांनी हे वाचावं. काकूंना पण वाचून दाखवावं.

तर हिशोब. कोर्टाने महिन्याचे आठ हजार धरले, वय 52 म्हणून पुढच्या वाढीचे दहा टक्के धरले, बाराने गुणलं, त्या वयासाठी ठरलेला गुणांक 11 त्याने गुणलं आणि त्याचे वीस टक्के कमाईचं नुकसान म्हणून घेतले. झाले दोन लाख बत्तीस हजार आणि थोडे. दवाखान्याची बिलं एक लाख अडतीस हजार, आणि यातना, सोबतीचा माणूस, येणं-जाणं वगैरे नव्वद हजार. चार लाख साठ हजार आणि वर सात टक्के व्याज. लोक अदालतीत कंपनी एक लाख साठ हजार म्हणाली होती आणि त्या दिवशी आई अर्ध्याहून जास्त तयार होती, "नको गं आता, दमले मी तारखांना". तीन वर्षं गेली. त्या तीन वर्षांत ऑपरेशनसाठी गहाण टाकलेल्या आईच्या पाटल्या आणि पतसंस्थेचं कर्ज, दोन्हीचं व्याज आम्ही भरत होतो.

घराचा हप्ता कुठून फिटणार? आमचं घर भाड्याचं आहे काका. निम्मे पैसे कोर्टाच्या आदेशाने एफडीत आहेत, बाकीच्यातून पाटल्या सुटल्या, कर्ज फिटलं. पाटल्या सुटल्या पण आई उजव्या हातात घालत नाही, मनगटावर रुततात म्हणते.

मी जरा जास्तच बोलतेय का? काका मनाने वाईट नाहीत, बाबा गेले तेव्हा सगळी धावपळ त्यांनीच केली होती, ते मी विसरलेले नाही. त्यांना कदाचित खरंच वाटत असेल की गंमत केली. पण गंमत कुणाच्या जिवावर?

आणि मी हे आज रात्रीच का लिहितेय त्याचं खरं कारण आता सांगते. त्याच पंगतीत समोर एक मुलगा बसला होता, तेवीस-चोवीसचा, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. खंबाटकी घाटाच्या अलीकडे बाईकला कारने ठोकलं, मांडीचं हाड मोडलं, गाडीचा नंबर आहे, एफआयआर आहे, सगळं आहे. काका बोलल्यावर त्याच्या वडिलांची मान खाली गेली ती मी बघितली. हात धुताना मी त्यांना विचारलं, क्लेम टाकला का? म्हणाले, "नको ताई, लोक असंच बोलतात, पैशाला हपापलेले म्हणतात. आणि वकील लागणार, कुठल्या कोर्टात जायचं ते पण माहीत नाही."

मग मी तिथेच ओल्या हाताने त्यांना सांगितलं की तुम्ही राहता त्या जिल्ह्यात पण अर्ज करता येतो. एप्रिल 2022 पासून नियम असा की अपघात झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायची अट आहे, तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय पण त्याच्या भरवशावर बसू नका. सगळी बिलं ठेवा, मेडिकलच्या छोट्या चिठ्ठ्या पण. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, पंचनाम्याची नक्कल, पोरगा कामाला जात होता त्याचं काहीही, हजेरीची वही, मालकाचा मेसेज, पेन्सिलीने लिहिलेलं कॅलेंडर, काहीही टाकू नका. ते नुसते हो हो म्हणत होते. मग आई मागून आली. तिने पदर बाजूला केला आणि हात त्यांच्यापुढे धरला, मनगट किती फिरतं ते करून दाखवलं, आणि म्हणाली, "दादा, मी उभी राहिले ना कोर्टात. तुम्ही पण राहा."

त्यांच्या पोराचे चार महिने गेलेत, दोन उरलेत. उद्या अकरा वाजता मी त्यांच्याबरोबर आमच्या वकीलबाईंकडे जातेय. आई पण येते म्हणाली, कॅलेंडर घेऊन.