उंदराला कसले आलेय घाबरणे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, ‘घाबरट उंदीर’ या माझ्या लेखावर तुम्ही चांगलेच खडसावलेत. उंदराला छळायचे आणि त्यावरून माणसाच्या मनाचे औषध शोधायचे, हा निव्वळ खुळेपणा, असे तुमचे म्हणणे. शिवाय गोव्यातल्या चोडणच्या फेरीबोटीत तुमच्या जावेला जे झाले (छातीत धडधड, श्वास कोंडला, ‘मी आता जाते’ म्हणत तिने तुमचा हात आवळला, आणि इस्पितळात ईसीजी नॉर्मल), ते कुठल्या उंदराला होते, असा सवाल.

शीर्षक थिल्लर होते, कबूल. उंदराला आतून काय वाटते हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचा आव मी आणला. भीतीवर हयात घालवलेले मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेडूदेखील बजावतात, की जनावरात दिसते ती धोक्यापुढची वागणूक. तिला लगेच ‘भीती’ म्हणू नका.

पण दरवेळी छळच असतो असे नाही. मी वर्षभर ज्या चाचणीवर काम केले, ती म्हणजे जमिनीपासून अर्धा मीटर उंच, अधिकच्या चिन्हासारखी फळी. चारपैकी दोन फाट्यांना भिंती, दोन उघडे. उंदीर मधोमध सोडायचा आणि ५ मिनिटे बघायचे. प्रयोगशाळेतला विस्टर जातीचा पांढरा उंदीर मागचे पाय भिंतीआड रोवतो, अंग रबरासारखे ताणून नाक तेवढे उघड्यावर काढतो, मिशा थरथरतात, की परत आत. जायचे तर आहे, धीर होत नाही. डायझेपाम हे काळजी शमवणारे औषध दिलेला उंदीर उघड्यावर जास्त रेंगाळतो. एका जूनमध्ये पत्र्यांवर पहिला पाऊस कोसळला आणि त्या दुपारचे झाडून सगळे उंदीर भिंतीआड दडून बसले. सगळे आकडे फेकून दिले मी!

तुमच्या जावेचे मात्र ‘जाऊ की नको’ नव्हतेच. मध्यमेंदूत एका नलिकेभोवती करड्या पेशींचा पट्टा असतो. त्याच्या पाठीकडच्या भागाला विजेने चेतवले, तर समोर काही नसताना उंदीर धूम ठोकतो, उड्या मारतो. (इथे तुमचा ‘छळ’ हा शब्द मी खोडणार नाही.) माणसाच्या मेंदूत शस्त्रक्रियेच्या वेळी तोच भाग चेतवला, तेव्हा रुग्णांनी जीव जाईल अशी भीती सांगितली. १९९१ साली डीकिन आणि ग्राएफ या संशोधकांनी मांडले, की सेरोटोनिन हे मेंदूतले निरोप पोचवणारे रसायन काळजी वाढवते, पण हीच पळापळ आवरते. म्हणजे पॅनिक (अचानक येणारा असा भीतीचा झटका) ही काळजीचीच वाढलेली मात्रा नव्हे.

हे पडताळायला ग्राएफ यांच्या ब्राझीलमधल्या गटाने इंग्रजी ‘टी’सारखी चाचणी बनवली. भिंतीआडून बाहेर पडायला उंदीर किती वेळ लावतो ती काळजी. उघड्यावर ठेवल्यावर आत किती झपाट्याने पळतो ते पॅनिक. डायझेपामने पहिले बदलते, दुसरे नाही. दुसरे मंदावते इमिप्रामिन या नैराश्यावरच्या औषधाने, तेही रोज काही दिवस दिल्यावर. आणि ताई, पॅनिकच्या रुग्णांनाही इमिप्रामिनचा गुण पहिल्या गोळीला येत नाही, काही आठवडे जावे लागतात. उंदीर काही बोलला नाही, पण दोन कप्पे वेगळे आहेत एवढे त्याने दाखवले. माझा दावा एवढाच, आणि तो मी मागे घेत नाही.

‘ईसीजी नॉर्मल’ म्हणजे काही झाले नाही, असे जावेला कुणी सांगितले असेल तर ऐकू नका. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत एकदा दाखवा. लेखाचे शीर्षक आज रात्री बदलतो.