रुमाल सुती होता

रुमाल सुती होता, एवढं मी काकांच्या बाजूने नोंदवून ठेवतो. पण तो कोरडा होता, बॉनेटवर ओरखडे पाडणारी धूळ होती, आणि मी ‘अहो काका, अहो’ म्हणेपर्यंत त्यांनी वाटोळा हात फिरवून दाखवलाही होता. “असं घासायचं. जोर लावून. मग बघ, तोंड दिसतं की नाही!”

माझा गुन्हा एवढाच, की गाडी धुण्याआधी मी बाटल्या खाली मांडून त्यांच्यामागची बारीक अक्षरं वाचत होतो. पुस्तक वाचत बसलेल्या माणसाला लोक वळसा घालून जातात. बाटली वाचणाऱ्याला मात्र तातडीने मदत हवी आहे, असं दिसेल त्याला वाटतं.

“काय लावणारेस?”

“ठरतंय. बहुतेक सीलंट.”

“म्हणजे पॉलिशच.”

“नाही काका. पॉलिश घासतं, सीलंट झाकतं.”

“तेच ते. चमकतं ना?”

इथे ‘हो’ म्हणून मोकळं व्हायला हवं, हे मला कळत होतं. पण तेवढ्यात त्यांचा रुमाल पुन्हा खिशातून डोकावला आणि माझी जीभ सुटली. मी सांगितलं, गाडीच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. कारखान्यातून येतो तेव्हा साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही पातळ. पॉलिशमध्ये घासणारे बारीक कण असतात. ते ओरखड्यांच्या कडा झिजवून पृष्ठभाग सपाट करतात, मग प्रकाश इकडेतिकडे विखुरत नाही आणि गाडी चमकते. थोडक्यात, ही चमक त्या थरातूनच खरवडून काढलेली असते. वॅक्स, सीलंट, सिरॅमिक हे सगळे वरून बसणारे. ते थर झिजवत नाहीत, पण असलेले ओरखडेही घालवत नाहीत.

काका विचारात पडलेले दिसले. मला आशा वाटली.

“४० मायक्रॉन म्हणजे किती?”

“मिलिमीटरचा पंचविसावा भाग.”

“मग पुष्कळ आहे की!”

त्यानंतर टूथपेस्ट आली. ती येणारच होती. गाडीचा विषय निघाला की टूथपेस्ट सुचवणारा माणूस कुठूनतरी उगवतोच. “दातांना चालते, मग पत्र्याला काय धाड भरलीय?” मी म्हटलं, दातावरचं इनॅमल जाड जागी दोन मिलिमीटरच्या आसपास असतं, गाडीकडे त्याच्या पासंगालाही पुरेल एवढं नसतं, आणि टूथपेस्टमधले कण रंगासाठी मोजूनमापून घातलेले नसतात. यावर काकांनी दात दाखवले. म्हणजे खरोखरच दाखवले, उजेडाकडे तोंड करून, वरचे आणि खालचे. चांगले होते. त्यावर मी काय बोलणार?

“त्यापेक्षा सिरॅमिक कर,” काका म्हणाले. “नाइन एच असतं. हिऱ्याच्या खालोखाल.”

“तो नंबर पेन्सिलीचा आहे, काका.”

“कसल्या पेन्सिलीचा?”

“शिसपेन्सिलीचा. टोक सपाट करून ४५ अंशात धरायची आणि कोटिंगवरून ढकलायची. सगळ्यात कडक जी पेन्सिल ओरखडा उठवत नाही, तिचा नंबर कोटिंगला मिळतो. 9H ही साधारण त्या संचातली शेवटची पेन्सिल. हिऱ्याचा दहाचा आकडा खनिजांच्या कडकपणाचा, दुसऱ्याच मोजपट्टीवरचा.”

काका बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग अत्यंत हळुवारपणे म्हणाले, “तुला कुणीतरी फसवलंय,” आणि गेले. त्यांची गाडी मी कधीच पाहिलेली नाही. ती कायम कव्हरखाली असते. कव्हराला तेज आहे. (धूळ भरलेल्या गाडीवर कव्हर ओढणं म्हणजे सबंध गाडीला एकदम रुमाल फिरवणं. पण हे मी कुणाला सांगू?)

काकांवर तरी किती रागवायचं म्हणा. बाटल्यांनीच हा घोळ घालून ठेवलाय. एकीवर पॉलिश, दुसरीवर वॅक्स, तिसरीवर ‘पॉलिश वॅक्स’, चौथीवर ‘क्लीनर वॅक्स’, जी घासतेही आणि झाकतेही. पाचवीवर कार्नोबा. कार्नोबा हा ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडवर्गीय झाडाचा मेण. तिथल्या कोरड्या हवेत पानांतलं पाणी उडू नये म्हणून झाड स्वतःसाठी पानांवर हा थर चढवतं. आपण ती पानं तोडून, वाळवून, मेण झटकून काढतो आणि डबीत भरतो. हा मेण ८० अंश सेल्सियसच्या वर वितळतो, चमक खोल आणि देखणी देतो, आणि काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत उतरतो. सीलंट म्हणजे कृत्रिम पॉलिमर. दिसायला जरा कोरडं, पण सहसा जास्त टिकतं. सिरॅमिक वर्षानुवर्षं राहू शकतं, मात्र खालचे ओरखडे आधी काढले नाहीत तर तेही तितकीच वर्षं जपतं.

आणि मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. काही बाटल्यांत तेलकट भराव असतो. तो ओरखड्यांत जाऊन बसतो, गाडी नव्यासारखी दिसते, आणि चार वेळा धुतली की भराव वाहून जातो, ओरखडे जागच्या जागी. घासून आलेली चमक कोणती आणि भरून आलेली कोणती, हे बाटलीवर लिहीत नाहीत. घेणाऱ्याने कसं ओळखावं? विचारलं तर विकणारा म्हणतो, “एक नंबर आहे, डोळे झाकून घ्या.” डोळे झाकून घ्यायची वस्तू आणि तिचं काम काय, तर दिसणं. त्यातून ‘१२ महिन्यांपर्यंत संरक्षण’. तीन आठवडेसुद्धा बारा महिन्यांच्या आतच येतात, त्यामुळे कुणी खोटं बोललेलं नसतं. कुठल्या उन्हात, किती धुण्यांनंतर, कसल्या शाम्पूने, सगळं गुलदस्त्यात. भांड्यांचा साबण वापरलात तर वॅक्स लवकर उतरतो, हेसुद्धा तुम्ही आपापलं शिकायचं.

म्हणून मी आता बाटली शेवटी बघतो. आधी गाडी नीट धुवायची, पातळ प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून पत्र्यावरून फिरवायची. खरखर लागली तर क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी, भरपूर ओलावा ठेवून. मग उन्हात उभी करून सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक ओरखड्यांची जाळी दिसते का ते पाहायचं, आणि पुढचं काम मात्र सावलीत, पत्रा गार झाल्यावर. जाळी असेल तर सगळ्यात बारीक पॉलिश, तेही आधी एका कोपऱ्यात. नसेल तर पॉलिशला हात लावायचा नाही, सरळ सीलंट. पुसायचा मायक्रोफायबर टॉवेल खाली पडला की तो गाडीसाठी मेला. झटकून वापरणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

हे करूनही बॉनेटवर डाव्या बाजूला वाटोळ्या रेघा आहेतच, तळहाताएवढ्या जागेत, अगदी रुमालाच्या आकाराच्या. तिथे पॉलिश करावं लागणार. म्हणजे काकांच्या शिकवणीपायी माझ्या ४० मायक्रॉनमधले दोन-तीन जाणार, आणि ते ‘पुष्कळ आहे’ या हिशेबात बसतात.

बाटलीच्या दर्शनी बाजूला ‘यात घासणारे कण आहेत’ किंवा ‘नाहीत’ एवढं एक वाक्य ठळक छापणारी कंपनी मला भेटू दे, चमक कशीही असो, मी तिचंच घेईन. जागा नसेल तर झाकणावर छापा. झाकणावर सध्या हॉलोग्राम असतो.