आता म्हणे बारीक होण्याचा सीझन आलाय

कालपरवापर्यंत सगळीकडे भरलेल्या अंगाचं कौतुक चाललं होतं. 'जशी आहेस तशी सुंदर आहेस' असं सांगणाऱ्या जाहिराती, मुखपृष्ठावर जाड मॉडेल, टाळ्याच टाळ्या. आता रेड कार्पेटचे फोटो उघडा. गळ्याची हाडं मोजून घ्यावीत. ज्यांची त्यांची शरीरं आहेत, कुणी किती बारीक व्हावं हे ठरवणारी मी कोण? मला बोलायचंय ते त्यांच्या मागून निघालेल्या वरातीबद्दल.

२ मे २०२२ची गोष्ट. न्यूयॉर्कच्या मेट गाला या फॅशनच्या सोहळ्याला टीव्हीवरची तारका किम कार्दाशियन आली ती मेरिलिन मन्रोचा गाऊन घालून. १९६२मध्ये केनेडींच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात मन्रो ज्यात गायली, तोच तो. जपून ठेवलेली वस्तू, म्हणजे उसवून सैल करायची सोय नाही. मग किमनं तीन आठवड्यांत सात किलोच्या आसपास वजन उतरवलं आणि ते जगाला सांगितलंही. पायऱ्या चढण्यापुरता खरा गाऊन, वर गेल्यावर लगेच त्याची नक्कल. यातली खरी गंमत अशी की दोघीही आपापल्या काळात भरल्या अंगाच्या सौंदर्याच्या राण्या. एकीच्या मापात दुसरी मावेना, तर कापड सोडलं नाही, बाई आटवली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये 'न्यूयॉर्क पोस्ट'नं 'हेरॉइन चिक परत आलंय' असा मथळा छापला. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: नव्वदीत बसलेली गालफडं, डोळ्यांखाली काळं आणि हाडकुळं शरीर हे फॅशनमध्ये फार भारी समजलं जायचं. शेवटी १९९७मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना, क्लिंटनना, त्यावर जाहीर बोलावं लागलं. एवढं होऊन ते परत आलं, तेही सेलमधल्या जीन्ससारखं.

हे चक्र जुनंच आहे म्हणा. पन्नासच्या दशकात मन्रो, आणि १९६६मध्ये लंडनची सोळा वर्षांची ट्विगी, जिच्या नावातच काटकी. पुढे व्यायामानं कमावलेली शरीरं आली, मग हाडकुळी मॉडेल केट मॉस, मग किमचं भरल्या अंगाचं कार्दाशियन घराणं. दर दहा-पंधरा वर्षांनी माप बदलतं, आणि दर वेळी ते तिथंच जाऊन थांबतं जिथं बहुतेकींचा हात पोचत नाही. योगायोग म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही. सगळ्यांनाच सहज जमलं तर विकायचं काय?

पण कपड्याची फॅशन बदलली की जुना कपडा कपाटात जातो. शरीर कुठं ठेवायचं?

भुवयांचंच बघा. नव्वदीत पेन्सिलीच्या रेघेएवढ्या भुवया होत्या. माझ्या मोठ्या बहिणीनं तेव्हा चिमट्यानं एकेक केस उपटून तशा केल्या. मग मॉडेल कारा डेलेव्हीन आली आणि जाड भुवयांचं राज्य सुरू झालं. बहिणीच्या भुवया काही परत आल्या नाहीत. वर्षानुवर्षं उपटलं की केसाचं मूळच दमतं. आता ती रोज सकाळी आरशाला नाक लावून पेन्सिलीनं एकेक केस काढत बसते, आणि हे काम झाल्याशिवाय दार उघडत नाही. आणि आता परत बारीक भुवया येतायत म्हणे! तिला सांगायची माझी हिंमत नाही.

भुवयांवर निभावलं तर नशीब. पोटाची चरबी काढून नितंबांत भरायची ती शस्त्रक्रिया, बीबीएल, आठवतेय ना? ऐन भरात असताना प्लास्टिक सर्जनांच्याच एका समितीनं २०१७मध्ये सांगितलं होतं की यात अंदाजे तीन हजारांत एक मृत्यू होतो. हौसेनं करायच्या शस्त्रक्रियेसाठी हा आकडा भयंकर आहे. चरबी चुकून मोठ्या शिरेत गेली की ती थेट फुप्फुसात पोचते. तरीही बायका रांगा लावत होत्या. आज तोच आकार 'जुना' झाला. ज्यांच्याकडे पैसा, वेळ आणि हाताशी डॉक्टर आहेत, त्या पुढच्या मापाकडे निघून गेल्या. कर्ज काढून केलं त्यांचं काय?

कुणी म्हणेल, एवढा परिणाम होत नाही हो, माणसं शहाणी असतात. फिजीत काय झालं ते ऐका. तिथं भरदार शरीर हे चांगल्या घरचं, माया मिळाल्याचं लक्षण मानलं जायचं. १९९५मध्ये नाड्रोगा भागात टीव्ही पोचला. अॅन बेकर या हार्वर्डच्या संशोधकांनी तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली, टीव्ही नुकताच आला तेव्हा आणि पुन्हा १९९८मध्ये. पहिल्या खेपेला वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणारी एकही मुलगी नव्हती. तीन वर्षांनी ११.३ टक्के होत्या. पाहणी लहान होती, दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या, हे सगळं मान्य. पण त्या मुलींनीच सांगितलं की आम्हाला मालिकांमधल्या बायांसारखं व्हायचंय. आणि हा साधा टीव्ही होता, ठरावीक वेळी लागणारा. आता तो खिशात असतो, आणि आपलाच चेहरा 'सुधारून' आपल्याला दाखवतो. इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांतच लिहिलं होतं की दर तीन किशोरवयीन मुलींमागे एकीचं शरीराबद्दलचं दुखणं आम्ही वाढवतो. ते २०२१मध्ये बाहेर फुटलं म्हणून आपल्याला कळलं.

आता जे लिहितेय ते बऱ्याच जणांना पटणार नाही. हल्ली सेलिब्रिटी 'प्रामाणिक' झाल्या म्हणून सगळे खूश आहेत. मला मात्र या प्रामाणिकपणाचीच जास्त धास्ती वाटते.

किमची सावत्र बहीण कायली जेनर हिनं आधी ओठांबद्दल कानावर हात ठेवले. मग २०१५मध्ये फिलर, म्हणजे ओठ फुगवायची इंजेक्शनं, घेतल्याचं कबूल केलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तिचे लिप किट बाजारात आले आणि बघता बघता संपले. म्हणजे ओठ सुईचे, आणि विकली लिपस्टिक! चार वर्षांनी 'कोटी' नावाच्या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीनं तिच्या व्यवसायातला ५१ टक्के हिस्सा ६० कोटी डॉलरला घेतला. २०२५मध्ये टिकटॉकवर एका मुलीनं तिला स्तनांच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारलं, तर तिनं सगळं सांगून टाकलं: ४४५ सीसीचं इम्प्लांट, सिलिकॉनचं, अर्धं स्नायूखाली, आणि डॉक्टरचं नाव. सगळीकडे वाहवा. माझ्या भाचीनं मला तो स्क्रीनशॉट दाखवला तेव्हा तिचा सूर 'बघ, हे खोटं आहे' असा नव्हता. 'बघ, हे असं करतात' असा होता. खोटं बोलणारी नटी निदान वाईट वाटायला लावून सोडून द्यायची. खरं बोलणारी हातात यादी देते.

वजन उतरवायच्या इंजेक्शनांचंही तेच. अमेरिकी टीव्हीवरच्या ओप्रा विनफ्रेनं २०१५मध्ये वेट वॉचर्स या वजन कमी करून देणाऱ्या कंपनीत हिस्सा घेतला, संचालक झाली, आणि डिसेंबर २०२३मध्ये सांगितलं की आपण औषध घेतोय. पुढच्या वर्षी तिनं संचालकपद सोडलं. सेरेना विल्यम्सनं २०२५मध्ये तशीच कबुली दिली, पण ती औषध पुरवणाऱ्या कंपनीच्या जाहिरातीत, आणि त्या कंपनीत तिच्या नवऱ्याची गुंतवणूक आहे. औषधाला माझा विरोध नाही. मधुमेहाच्या आणि लठ्ठपणानं खरोखर गांजलेल्या लोकांसाठी ते वरदान आहे. पण चांगल्या धडधाकट माणसांनी मापात बसायला ते घ्यायचं आणि मधुमेह्यांनी दुकानं पालथी घालायची, हेही त्या काळात झालंच. शिवाय यातलंच एक औषध, सेमाग्लुटाइड, बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी साधारण दोनतृतीयांश परत आल्याचं चाचणीत दिसलंय. हे वाक्य त्या जाहिरातींमध्ये कुठं असतं का, शोधून बघा.

प्रसिद्ध माणसाच्या शब्दाचं बळ चांगल्या कामालाही येतं. अँजेलिना जोलीनं २०१३मध्ये कर्करोग टाळायला केलेल्या स्वतःच्या स्तनांच्या शस्त्रक्रियेबद्दल लिहिलं, तेव्हा ब्रिटनमध्ये कर्करोगाच्या जनुकीय तपासणीसाठी येणाऱ्या बायकांची संख्या दुपटीहून वाढली. तिनं जोखीम किती, पर्याय कोणते, का केलं, असं सगळं लिहिलं होतं. फरक तिथं आहे.

तेव्हा सांगायचंच असेल तर अर्धं नको. सीसी सांगितले, डॉक्टरचं नाव सांगितलं, आता पुढचंही सांगा: बिल किती आलं, कुणी भरलं, दुखणं किती दिवस होतं, स्वयंपाकी आणि ट्रेनर किती आहेत, त्या कंपनीत तुमचे किंवा घरच्यांचे पैसे आहेत का. आणि इम्प्लांट जन्मभर पुरत नाही, पुढे कधीतरी ते काढायची किंवा बदलायची वेळ येऊ शकते, हेही त्याच व्हिडिओत, त्याच हसऱ्या चेहऱ्यानं सांगा.